ओढ्यापाशी थांबलेले नकाशे

मंगळवारी सकाळी बार्शीच्या दवाखान्यात निर्मला मॅडम वारल्या. मी ग्रंथालयाचं कुलूप काढत होतो, तेव्हा त्यांच्या भावाचा फोन आला. त्या दिवशी पहिल्या वर्षाचा समाजशास्त्राचा तास झाला नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. भूमच्या आमच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आणि त्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक, एवढंच आमचं नातं. पण त्यांचा पहिला तास माझ्या वाचनकक्षात भरायचा, म्हणून तो मी दरवर्षी ऐकला. "सर, तुमची पुस्तकं जरा उठवा, माझ्या पोरांना बसायचंय," म्हणत त्या आत यायच्या. बारावी होऊन आलेली मुलं व्याख्या उतरवून घ्यायला वही उघडून बसलेली असत. मॅडम म्हणायच्या, "व्याख्या गाइडात हाय, परीक्षेला लिहा. आता कोरा कागद घ्या आन् आपापलं गाव काढा." मुलं हसायची, मग माना खाली घालून काढायला लागायची... आणि प्रत्येक जण सुरुवात आपल्या घरापासून करायचा.

एका वर्षी शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एकाच गावातले अमोल आणि सविता वर्गात होते. अमोलच्या कागदावर मारुतीचं देऊळ, चावडी, सोसायटी आणि अगदी खालच्या कडेला ओढा. ओढ्याखाली त्यानं बाण काढून लिहिलं होतं, 'वस्तीकडे'. सविताच्या कागदावर अंगणवाडी, बोअर, समाजमंदिर, आणि वरच्या कडेला तोच ओढा. तिचा बाण म्हणत होता, 'गावाकडे'. मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर एकाखाली एक जोडले.

"वढा दोघांनीबी कडंला काढलाय. आता बघा, कुठं आलाय?"

"मधी," सविता म्हणाली.

"पण मॅडम, आमी रोज एकाच जीपनं येतो," अमोल म्हणाला.

"मग जीपमधी कोण कुठं बसतं, तेबी काढ."

वर्ग हसला. अमोल हसला नाही.

दोन दिवसांनी त्याचे वडील आले. "पोरगं शिकायला धाडलंय, वस्त्या उकरायला न्हाय. त्याचं नाव काढा." अमोल गेला असता तर त्याच्या मागं जीपमधली बाकीची मुलंही गेली असती, आणि मुळातच लहान असलेल्या वर्गात मग विषयच टिकला नसता. प्राचार्यांनी मॅडमना बाजूला घेतलं, "यंदा गाइडावरच भागवा." मॅडम म्हणाल्या, "गाइड तर पोरं माझ्याबिगर वाचत्यात, सर." मग त्यांनी अमोलच्या वडिलांना खुर्ची दिली. "दादा, पोराचं चुकलं असंल. तुम्ही काढून दाखवा की गाव."

त्यांनी ठसक्यात पेन घेतलं. घर, देऊळ, चावडी... आणि ओढ्यापाशी तेही थांबले.

"पोहायला कुठं शिकलात?" मॅडमनी विचारलं.

ते म्हणाले, "पलीकडच्या हिरीत. आईला चोरून. लई मार खाल्ला त्यापायी."

"मग काढा की हीर."

शेवटी त्यांनी ओढ्यापलीकडं विहिरीचा एक गोल काढला. पटलं असं ते म्हणाले नाहीत. कागदाची घडी खिशात घातली आणि उठताना बोलले, "पोरगं ऱ्हाऊ द्या. पण मॅडम, तुम्ही लई अवघड हाव." अमोलनं पदवीपर्यंत समाजशास्त्र सोडलं नाही. विषयही टिकला.

हे गाव काढायला लावणं मॅडमना सुचलं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. त्या धनगराच्या घरातल्या. "सर, लहानपणी आमचं घरच हालायचं, मेंढरांच्या मागं. कुणाच्याच नकाशात आमी न्हवतो," असं सांगून त्या चहा संपवून तासाला गेल्या. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, त्यांचे सत्कारही झाले नाहीत. पण माझ्या कपाटांतल्या जाड पुस्तकांत जे आहे, ते त्यांनी अठरा वर्षांच्या मुलांना एका कागदावर दाखवलं, आणि ते माझ्या समोर घडलं, याचा मला अभिमान आहे.

या आठवड्यात पहिल्या वर्षाचा वर्ग पुन्हा वाचनकक्षात भरला. शिकवायला नव्या बाई आल्यात. त्या लातूरच्या, त्यांना इथली गावं अजून ठाऊक नाहीत. मॅडमची रीत मी त्यांना सांगितली, आणि मुलांनी नकाशे काढलेत. कुणाचा ओढ्यापाशी थांबलाय, कुणाचा डांबरी रस्त्यापाशी. ते टेबलावर आहेत, जोडायचे बाकी आहेत.