रूथमावशीच्या आजीचे वडील

रूथमावशीच्या लेकीचा, लीनाचा मेसेज आला तेव्हा मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होते. ‘मॉम पास्ड धिस मॉर्निंग.’ एवढंच. पोर इथंच डब्लिनमध्ये वाढलेली, तिला दुःखही इंग्रजीतच होतं. मी गाडीतच बसून राहिले. खरं सांगते, आधी रडू नाही, राग आला. ज्याची एवढी वाट बघत होतीस ते यायच्या आत कशी गं गेलीस, मावशी?

रूथमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. मी नागपूरहून इथं शिकायला आले, पहिल्याच थंडीत आजारी पडले, आणि ही नगरकडची निवृत्त नर्स डबा घेऊन दारात उभी. ‘हा कोट आहे होय तुझा? हा तर शर्ट!’ तेव्हापासून बारा वर्षं माझे रविवार तिच्याकडे. चर्चमधून आली की ती लॅपटॉप उघडायची आणि मिशनच्या जुन्या नोंदवह्यांचे स्कॅन वाचत बसायची. फार मागे, एका दुष्काळात, एक बाई कडेवर तान्ही पोर घेऊन मिशनच्या दारात आली आणि काही महिन्यांत तिथंच वारली. ती पोर म्हणजे मावशीची आजी, सगुणा. बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या नावापुढं, वडिलांच्या रकान्यात, एकच शब्द... ‘अननोन’. त्यापायी आजीनं जन्मभर ‘बिनबापाची’ ऐकून घेतलं, लग्नात, भांडणात, नळावर. मावशीला आजीचा बाप शोधायचा होता. जनगणनेत डोकी सापडली, नावं नाहीत. दुसऱ्या चर्चच्या वह्या झाल्या, त्यातही काही नाही. मी एकदा चिडून म्हटलं, ‘जाऊ दे ना! आमच्या पणजोबांच्या नावाच्या जागी तर नुसती जात लिहून ठेवलीय. मी कुठं जाऊ शोधायला?’ ती शांतपणे म्हणाली, ‘तुझंही शोधू. आधी हिचं होऊ दे.’

गेल्या हिवाळ्यात आम्ही एका डोहाळजेवणाला गेलो होतो. ती पोरगी सकाळपासून ‘रोहन, आइस आणलास का?’ म्हणून नवऱ्यावर ओरडत होती, आणि बायकांनी ‘नाव घे, नाव घे’ सुरू केल्यावर लाजून लाल! सगळ्या हसल्या. मावशी नाही हसली. प्लेट ठेवून तिनं माझा दंड धरला. ‘अगं, तिनं नावच घेतलं नसेल!’ मला काही कळेना. ‘माझी पणजी गं! मिशनच्या मडमेनं विचारलं असेल, पोरीचा बाप कोण. त्या काळची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारेल होय? उभी राहिली असेल खाली मान घालून. मडमेनं लिहून टाकलं, अननोन!’

घरी येऊन आम्ही वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. नवरा सोबत आलेला तिथं रकाना भरलेला. बाई एकटी आलेली तिथं बहुतेक ठिकाणी तोच शब्द. आम्ही दोघी मराठी बायका, इतकी वर्षं हे वाचतोय, आणि डोक्यात येऊ नये! मावशी आधी खूप हसली, मग टिपं गाळत बसली. ‘आजीला हे सांगायला कुणीच नव्हतं गं...’ मृत्यूची नोंद तरी दुसऱ्या कुणी सांगितली असेल, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिनं मिशनच्या कागदपत्रांच्या संग्रहाकडे दफनाची वही मागितली. मग कॅन्सर निघाला. हॉस्पिसमध्येही मी गेले की पहिला प्रश्न, ‘ईमेल आली?’

ती आली अंत्यविधीनंतर तीन आठवड्यांनी. लीनाचा फोन, ‘यू रीड इट, प्लीज. आय कान्ट.’ मी गेले. तिच्या शेजारी बसून वाचलं. मयत बाई लक्ष्मी, गाव बाप्तिस्म्याच्या वहीतलंच, मागे एक तान्ही मुलगी, सगुणा. माहिती देणारा, मयत बाईचा भाऊ. आणि नवऱ्याच्या रकान्यात... ‘म्हादू’. भावाला काय, मेव्हण्याचं नाव घ्यायला कसली आडकाठी!

‘इज दॅट हिम?’

‘हो. तुझे खापरपणजोबा.’

‘से इट अगेन.’

मी पुन्हा म्हटलं. मग तीही म्हणाली, अडखळत, तीन-चारदा, नीट येईपर्यंत. मला ज्या आवाजात ते नाव ऐकायचं होतं, तो मात्र आता कुठून आणू?