शिडाचं जहाज अन् माझं विहिरीतलं पोहणं

दुपारपासून हे लिहायचं टाळून राहिलो होतो. आधी चहा झाला, मग एकाची नवी गाडी पाहत बसलो. आता लिहितोच.

दोस्तांनो, शिडाचं एक जहाज आहे, त्याच्यावर पोरापोरींना शिकवायला नेतात. डोलकाठीवर चढून शिडं सोडायची, आवरायची. मी आयटीआय अर्ध्यात सोडली, दुकानातही टिकलो नाही. एका जागी न थांबणारी शाळा हीच एक दिसली, म्हणून अर्ज केला.

आज अमरावतीच्या स्विमिंग टँकवर त्यासाठी पोहण्याची परीक्षा होती. सरळ त्या टोकाला जायचं. मी शिकलो भातकुलीला, आमच्या विहिरीत. चार हात मारले की अंग आपोआप वळतं. तसाच वळलो अन् निघालो तिथंच परत आलो.

"काहून फिरला बे?" परीक्षा घेणारे सर म्हणाले.

"भिंत येते ना सर."

"समुद्रात कुठून येईल भिंत? जहाज निघून जाईल अन् तू तिथंच गोल फिरत राहशील."

सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी अजून एक संधी आहे, शेवटची.

विहिरीत शिकलेल्यांनो, तुम्ही सरळ पोहायला कसे शिकलात? लवकर सांगा.

थांबा, टँकच्या फाटकावर बाबा आलेत. मी तर घरी काहीच सांगितलं नव्हतं, बहिणीनं सांगितलं असेल. विकायला आणलेला झेंडू बाजारात तसाच टाकून थेट इकडं आले. म्हणून राहिले, "मी त्या टोकाले उभा राहतो. तू माह्याकडे पाहत ये."