काचेच्या पेटीतली मुशी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले आणि मंत्र्यांचे दौरेही पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण महाडला असताना एका माशाच्या चोरीचा तपास केला, तो मात्र आज सकाळी घडल्यासारखा आठवतो, आणि आठवला की अजूनही खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

भारनियमनाची वर्षं होती. उन्हाळ्याचे दिवस. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो, तेवढ्यात गावातले एक शेठ घामाघूम होऊन आत आले. हे गृहस्थ बरीच वर्षं आखातात नोकरी करून परतलेले. आता स्वतःचे टेम्पो, स्वतःचं दुमजली घर आणि बोलण्यात स्वतःविषयी बराच मजकूर.

"साहेब, माझा शार्क चोरीला गेला."

ठाणे अंमलदारांनी लिहितालिहिता पेन थांबवलं. आमच्या स्टेशन डायरीत सायकली, शेळ्या, तांब्याचे बंब, एकदा तर विहिरीवरचा रहाटसुद्धा नोंदला गेला होता. शार्क पहिलाच.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. दारात मांडव पडला होता आणि मांडवावर कापडी फलक. फलकावर अख्खी होडी जबड्यात धरलेला एक राक्षसी मासा, आणि खाली मजकूर: 'समुद्राचा राजा आपल्या महाडात! दर्शन सोहळा उद्या सायंकाळी.' उद्घाटक म्हणून जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याचा फोटो होता, तो माशापेक्षा थोडा मोठा.

दिवाणखान्यात भिंतभर काचेची पेटी. तिच्या तळाशी, एका दगडामागे, हातभर लांबीचा तपकिरी मासा पडला होता. अंगावर फिकट पट्टे. जेवणानंतर टेबलावर डोकं टेकवलेल्या कारकुनाइतकाच तो भयंकर दिसत होता. माझ्याबरोबरचे हवालदार श्रीवर्धनकडचे. ते वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, ही तर मुशी."

"शार्क," शेठ म्हणाले.

"हो हो, शार्कच. आमच्याकडे कालवण करतात तिचं."

"ही दुबईहून आणलीय, विमानाने!"

"असेल. मग कालवण जरा महाग पडेल," हवालदार म्हणाले आणि माझी नजर पाहून गप्प झाले.

मुशी दोन होत्या. गेली ती मोठी, चांगली जाडजूड. कडीकोयंडा शाबूत होता. मागच्या पडवीत समुद्राच्या पाण्याने भरलेली निळी पिंपं ओळीने ठेवली होती, त्यातलं एक नव्हतं. पेटीत हवा सोडायचा जास्तीचा छोटा पंपही नव्हता. चोरी आदल्या दुपारची, आणि घरात त्या वेळी फक्त शेठची म्हातारी आई होती. ती म्हणाली, "मी दुपारची पडते जरा. मला काय कळणार बाबा, चोर येऊन गेला की वारा?" एवढं बोलून तिने आम्हाला सरबत दिलं. मला वाटलं, काय साधी बाई आहे.

ठाण्यात परत येताना मी हवालदारांना म्हणालो, "खायला चोरली असती तर पाणी कशाला नेलं असतं?"

"आणि विकायला चोरली असती तर दुसरी का ठेवली?" ते म्हणाले.

मला तेच बोचत होतं. चोर म्हणजे काही मोजूनमापून जेवणारा पाहुणा नव्हे. दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या असताना तो एकच उचलतो, तेव्हा त्याला ती विशिष्ट वस्तू हवी असते. पण हातभर मुशी कुणाला एवढी विशिष्ट वाटणार?

शेठना असले प्रश्न पडले नव्हते. त्यांचा संशय पक्का होता: त्यांचा टेम्पो ड्रायव्हर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतला हा माणूस दर आठवड्याला किनाऱ्यावरून पाणी भरून आणायचा. माशांना खायला तोच घालायचा. आदल्या दुपारी त्याचा टेम्पो मागच्या दारी उभा असल्याचं शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानेच आम्हाला सांगितलं.

"नोकराने केलेली चोरी. कलम तीनशे एक्याऐंशी," शेठ म्हणाले. कुणीतरी त्यांना कलमसुद्धा पाठ करून दिलं होतं. "गुन्हा आत्ताच्या आत्ता दाखल करा."

पाठोपाठ पुढाऱ्यांचा फोन आला. "काय हो साहेब, उद्या आमच्या हस्ते उद्घाटन. जोडी सांगितलीय लोकांना. एकच मासा असला तर बरं दिसत नाही."

"तपास चालू आहे," मी म्हणालो. आमच्या खात्यातलं हे वाक्य फार सोयीचं आहे. ते कधीच खोटं नसतं.

गुन्हा नोंदवायला खरं तर पाच मिनिटं लागली असती. पण हवालदारांनी माझ्या टेबलावरच्या प्रलंबित कागदांतून एक कागद हळूच वर काढून ठेवला. त्याच ड्रायव्हरच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी. आखातात गाडी चालवायचं काम ठरलेलं, व्हिसा तयार, अडलं होतं ते फक्त आमच्या शेऱ्यावर. नाव एकदा गुन्ह्यात आलं की तो कागद 'प्रतिकूल' म्हणून परत जाणार, आणि त्या वाडीतल्या माणसाला अशी संधी दुसऱ्यांदा येत नसते. मी शेठचा तक्रार अर्ज तेवढा ठेवून घेतला आणि ड्रायव्हरला बोलावणं धाडलं.

तो स्वतःहून आला. खुर्ची दाखवली तरी बाकावर टोकाला बसला.

"मासा कुठे आहे?"

"मला ठावं नाय साहेब."

"काल दुपारी मागच्या दारी काय करत होतास?"

"पानी भरत होतो."

"पिंप भरून ठेवायचं असतं. एक कमी कसं झालं?"

तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिला.

"पासपोर्टचा कागद माझ्याकडे आहे, माहीत आहे ना?"

"हाय म्हाईत." मान खाली.

चौकशीत खोटं बोलणारी माणसं बहुतेक फार बोलतात. देवाची शपथ घेतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला तयार होतात, मधेच आपल्या मामाची पोलीस खात्यात ओळख काढतात. हा काहीच करत नव्हता. तो लपवत होता, पण चोरासारखा नाही. दुसऱ्याची ठेव सांभाळावी तसा. मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला, चहा पाजला. चहा त्याने थंड होऊ दिला.

आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला. ठाण्यात असं झालं की आरोपीपासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे एकच शिवी मनातल्या मनात देतात आणि कागदाने वारा घेऊ लागतात. हा मात्र ताडकन उभा राहिला. थांबलेल्या पंख्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"साहेब, पोलादपूरची बी गेली असंल का लाईट?"

महाडच्या ठाण्यात पासपोर्ट पणाला लावून बसलेल्या माणसाला पोलादपूरच्या विजेची काय पडली आहे? माझ्या डोक्यात पडवीतलं ते पिंप, नाहीसा झालेला पंप आणि ती लाईट एका ओळीत येऊन उभी राहिली. मी पोलादपूरला फोन लावला. तिथल्या अंमलदाराने सांगितलं, "आमची तर दुपारीच गेली, साहेब. अजून पत्ता नाही."

फोन ठेवून मी एवढंच विचारलं, "पंप विजेवर चालतो ना रे?"

त्याने हात जोडले. "साहेब, मला काय करायचं ते मागून करा. पन आधी गाडी काढा!"

गाडी काढली. महामार्गावर आमच्या जीपने तो वेग कधी पाहिला नसेल. पुढाऱ्यांच्या ताफ्यापुढे मी शेकडो वेळा हॉर्न वाजवत गेलो आहे, पण त्या दिवसाइतक्या मनापासून कधीच नाही. मागे बसून ड्रायव्हर बोलत होता, आणि आता थांबत नव्हता.

मोठी मुशी पोटुशी होती. ते शेठच्या आईच्या लक्षात आलं होतं. ती किनाऱ्यावरच्या गावची लेक. मुलाला सांगायची सोय नव्हती, कारण त्याला फलक, बँड आणि उद्घाटक यांच्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. म्हणून तिने ड्रायव्हरला बोलावलं.

"म्हनाली, पहिलटकरीण हाय रं ती. पहिलं बाळंतपण असं परक्या घरात, ढोलताशात करायचं का? हिला माहेरी पोचव."

"माहेरी? दुबईला?" हवालदारांनी विचारलं.

"कसली दुबई, हवालदार! बाणकोट खाडीच्या तोंडाशी जाळ्यात गावलेल्या दोघी. मीच आनल्या की पिंपातनं."

तो निघालाच होता, इतक्यात शेठचा हुकूम आला: सोहळ्यासाठी पोलादपूरहून खुर्च्या भरून आण. नाही म्हणता येईना. पिंप त्याने आपल्या वाडीवर उतरवलं, पंप लावला, आणि संधी मिळाली की किनाऱ्याकडे सटकायचं ठरवलं. तेवढ्यात आमचं बोलावणं पोचलं.

"अरे, हे मला तिथेच सांगायला काय झालं होतं? पासपोर्ट गेला असता तुझा."

"आजींच्या हातचं जेवलोय साहेब. त्यांचं नाव ठान्यात कसं घेऊ?"

मी चालकाला गाडी आणखी दामटायला सांगितलं.

वाडीवर पोचलो तर फणसाच्या झाडाखाली गर्दी. मधोमध निळं पिंप. एक बाप्या सायकलचा पंप मारत होता, त्याची नळी पाण्यात सोडलेली. ड्रायव्हरची बायको तांब्याने पाणी उचलून उंचावरून पिंपात सोडत होती. दुपारपासून वाडी पाळीपाळीने हेच करत होती. मी वर्दीत पुढे झालो, तशी ती न वळताच ओरडली, "बाजूला व्हा की! वारा अडवू नका!"

मी बाजूला झालो.

"हाय का गो?" ड्रायव्हरने विचारलं.

"हाय. पन दमलीय."

पिंपात डोकावलो. मुशी तळाशी होती, कल्ले भरभर हलत होते. आमच्या हवालदारांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि सायकलचा पंप आपल्या ताब्यात घेतला.

मी खाली रस्त्यावरच्या फोन बूथवरून शेठच्या घरी फोन लावला. पलीकडून म्हातारीचा दबका आवाज आला. "पोचली का रे?"

"आजी, मी पोलीस ठाण्याचा साहेब बोलतोय."

मग सरळ आवाजात ती म्हणाली, "मग तुम्ही पोचवा."

कायद्याने पाहिलं तर प्रश्न सोपा होता. घरच्या मालकिणीच्या सांगण्यावरून नेलेली वस्तू, त्यात नेणाऱ्याचा अप्रामाणिक हेतू नाही, मग चोरी कुठली? गुन्हाही अजून दाखल नव्हता, म्हणून मुशी मुद्देमाल ठरत नव्हती. ठरली असती तर मुद्देमालाच्या खोलीत ठेवावी लागली असती, आणि तिथे समुद्राची सोय नाही.

पिंप जीपमध्ये चढवलं. महाड मागे टाकून आंबेतच्या दिशेने निघालो. हवालदार वाटभर पंप मारत होते आणि दर खड्ड्याला चालकाला बोल लावत होते. "हळू रे! पोटुशी बाई आहे गाडीत!" हेच गृहस्थ सकाळी कालवणाची भाषा करत होते.

खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. ड्रायव्हर कमरेइतक्या पाण्यात गेला आणि दोन्ही हातांनी तिला खाली सोडलं. ती हलेना. वाळूवर तशीच पडून राहिली. आम्ही तिघे श्वास रोखून पाण्यात बघत उभे. मग तिने शेपटी एकदा हलवली, दोनदा हलवली, आणि होती तिथे फक्त गढूळ पाणी राहिलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण साध्या कपड्यांतसुद्धा शोभलं नसतं असं काहीतरी.

पिंप रिकामं करताना तळाशी एक तपकिरी, चामड्याच्या पाकिटासारखी पिशवी निघाली. कोपऱ्यांना दोरे. हवालदारांनी ती तळहातावर घेतली. "साहेब, अंडं. वाटेतच सुरुवात झाली की बाईंची!" खडकाजवळच्या शेवाळात त्यांनी ते स्वतः नेऊन अडकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या घरी गेलो. ते फिर्यादीवर ठाम होते.

"घेतो ना," मी म्हणालो. "फक्त वस्तूचं वर्णन लागेल, आणि ती कुठून आणली तेही. विमानाने आणली म्हणजे कस्टमचे कागद असतीलच. एक प्रत जोडा. आज पाहुणे येतायत, त्यांनाही दाखवता येईल."

शेठनी फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात आतून त्यांची आई आली.

"मीच पाठवली तिला," ती म्हणाली.

"आई! मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू पाव्हण्यांना सांगितलं असतंस. आणि पाव्हणे म्हणाले असते, मग बाळंतपणाची फीत पण मीच कापतो."

शेठनी कपाळावर हात मारला. मग ते हसायला लागले. मोठ्याने, पोट धरून. आखातातून आल्यापासून हे घर इतकं हसलं नसेल, असं म्हातारीनेच मला सांगितलं. त्यांनी अर्ज मागे घेतला.

सोहळा झालाच. ऐन फीत कापायच्या वेळी लाईट गेली, आणि राहिलेला मासा दगडामागून बाहेर आलाच नाही. तरी आपण समुद्राच्या राजाच्या डोळ्याला डोळा भिडवला, असं पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक समजूतदार असतात.

प्रशिक्षणात आम्हाला आरोपीची उत्तरं ऐकायला शिकवतात. ती कशी ताडून पाहायची, कुठे विसंगती शोधायची, यावर व्याख्यानं होतात. आरोपी स्वतःहून काय विचारतो, यावर एकही व्याख्यान मी ऐकलं नाही. उत्तर माणूस जपून देतो, कारण ते आपण मागितलेलं असतं. प्रश्न मात्र त्याच्या काळजीतून सुटतो, आणि तिथे खोटं बोलायला त्याला सवड नसते. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी चौकशीत थोडा कमी बोललो. अनेक गुन्हे त्यामुळे उघडकीला आले, आणि काही माणसं त्यामुळे गुन्ह्यातून वाचली. मला दुसऱ्या गोष्टीचा आनंद जास्त आहे.

आठवड्याभरात ड्रायव्हरच्या पडताळणीचा कागद मी पुढे ओढला. गुन्हा नोंद नाही. वर्तणुकीपुढे 'चांगली' एवढंच लिहायची पद्धत असते. मीही तेवढंच लिहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा जरा मोठी आली.