मोत्याला आईचा पदर मिळाला

मंडळी, आज सावेडीतल्या आमच्या शेजारणीने दार वाजवलं. "काकू, मी ऑफिसला गेले की टायगर रडून बिल्डिंग डोक्यावर घेतो. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, अंगातला कपडा त्याच्याजवळ ठेवून जा."

यात नवं काय? एकाहत्तर-बाहत्तर साली आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला बेलापूर साखर कारखान्याकडे निघाले, तेव्हा आमचा मोत्या बैलगाडीमागे धावत सुटला. आईने परत येऊन नेसत्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या पोत्यावर टाकला. "वास हाय तवर गप ऱ्हाईल," म्हणाली. राहिलाही.

मीही मागेच राहिले होते, चुलतीकडे. सहा वर्षांची. मला आई एवढंच म्हणाली, "तू शानी हाय."

मग रोज मी मोत्याला ढकलून त्याच्या पोत्यावर पडायचे.

शहाण्या लेकराला आईचा वास नको असतो, हे कुणी ठरवलं हो?