मायच्या वाट्याचा फोटो

१९६६, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. साक्रीजवळचं आमचं माहेरचं घर. हजर: नाना, म्हणजे माझे वडील, माय, म्हणजे आई, थोरली बहीण अक्का आणि तिची दोन मुलं, आमचे हे, आणि मी. शिवाय उसना आणलेला एक बॉक्स कॅमेरा, त्यात बारा फोटोंचा रोल.

यादीने सुरुवात केली, कारण यादी मला जमते. पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — ह्यांनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मायला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात माझी ख्याती एकच — हिचं कधी काही चुकत नाही. लग्नाचं सामान असो की उन्हाळ्यातले पापड, "धाकटीले इचारा" असंच म्हणतात. त्या दिवशीही कुणाचा फोटो कितवा, हे मी बसमध्येच ठरवून टाकलं होतं. शेवटचा मायचा. तिचा एकही फोटो नव्हता. नानांचा होता, कुठल्याशा सत्काराचा, गळ्यात हार घातलेला. माय मात्र चुलीपाशी नाहीतर गोठ्यात. फोटो काढणारा दारात आला की ती आत.

तिला राजी करायला अक्काची सकाळ गेली. "मना फोटो कसाले? पोरंसना काढ," हेच पालुपद.

"का वं माय," अक्का म्हणाली, "नाना पयी जातीन का तुले दखीसन?"

"आते कोठे पयसू?" पळायचं नाव निघताच नाना खाटेवरून म्हणाले. "गुडघा दुखतस."

माय हसली. तोंडावर पदर घेऊन, पण हसली. मग म्हणाली, "थांब, मी लुगडं बदलीसन येस."

ती आत गेली. बाकी सगळे नानांच्या खाटेभोवती. मी अंगणात, कॅमेरा हातात.

झेंडूवर एक वाळकं पान अडकलं होतं. मी ते काढायला हात पुढे केला आणि पान उघडलं — लख्ख केशरी, आणि पंखांवर डोळे. मोरपिसावर असतात तसे, कड असलेले, टवटवीत. मिटलं की वाळकं पान. उघडलं की माझ्याकडे रोखून बघणारं कुणीतरी. असं फुलपाखरू मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

भुरळ पडली, भान राहिलं नाही — असं लिहिता आलं असतं. पण भान होतं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत मी आकडा पाहिला. बारा. मायचा. तरी मी वाकले, श्वास धरला, पंख पुन्हा उघडायची वाट पाहिली आणि खटका दाबला. मनात काय होतं? की हा फोटो सासरी जळगावात चारचौघींना दाखवता येईल, भिंतीवर लावता येईल. मायचा फोटो — तो कोण बघणार होतं?

एवढं लिहून मी उठले होते. पाणी प्यायले, परत बसले.

फोटो काढल्याबरोबर चावी फिरवून मी रोल पुढे सरकवला. ती माझी शिस्त. थोडी आळशी असते तर दोन्ही फोटो एकाच जागी उमटले असते — पंखांच्या आडून का होईना, माय आली असती. पण मी नीटनेटकी.

माय बाहेर आली. हिरवं जरीकाठी लुगडं, अक्काच्या लग्नातलं. कपाळावर ताजं कुंकू. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून दोन्ही मुठींत पदर धरलेला. "रोल संपला" — दोनच तर शब्द. म्हणता आले नाहीत. सगळ्यांसमोर माझं चुकलं, असं व्हायला नको होतं. मी कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घालून काचेत पाहिलं. काचेत माय होती, इवलीशी. मी खटका दाबला. आत काहीच नव्हतं. खट् असा आवाज मात्र झाला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण एवढंच असतं तर मी कदाचित हे लिहायला बसले नसते.

धुळ्याच्या स्टुडिओतून फोटो आले. सगळ्यांचे छान. बाराव्यावर एक पुसट डाग — तो कॅमेरा इतक्या जवळचं टिपतच नाही, हे मला कुठे माहीत होतं? पंख नाहीत, डोळे नाहीत. मागचं घराचं दार तेवढं स्पष्ट. उघडं, आत अंधार. त्या अंधारात माय लुगडं बदलत होती.

होळीला फोटो घेऊन गेले. बारावा सोडून. मायने पदराला हात पुसून एकेक पाहिला, सगळे संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग हळूच म्हणाली, "मना फोटो उना का वं?"

तेवढाच आला नाही, बिघडला, मी म्हणाले.

तिने फोटोंची चवड नीट केली. "मनाच डोया मिटाई ग्यात व्हतीन."

आणि मी म्हणाले, "हां माय. मिटाई ग्यात."

हे. हे सांगायचं होतं. तिने आपणहून स्वतःवर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. तिचे डोळे मिटले नव्हते. मी काचेत पाहिले होते. पापणी हलू नये म्हणून इतके ताणून धरलेले, की नंतर तिने ते पदराने टिपले होते.

त्यानंतर ती कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. नातवाच्या लग्नात फोटोग्राफर बोलवायला लागला तर बाजूला सरकली — "मना फोटो बिघडस." मांडवात सगळे हसले. मीही हसले.

माय गेली त्याला आता काही वर्षं झाली. माहेरच्या भिंतीवर नानांच्या फोटोशेजारची जागा मोकळी आहे. अक्का म्हणते, कुठल्या घोळक्यात तिचा अर्धा चेहरा तरी असेल, धुळ्याचा पेंटर त्यावरून चित्र करून देतो. तुझ्याकडे सगळं जपलेलं असतं, बघ ना. बघते, म्हणाले. काय बघणार होते मी?

अक्का मंगळवारी साक्रीहून आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी येते आहे, तेवढ्यासाठीच. तिची गादी उन्हात घालून झाली. भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दळून आणलं. भरताची वांगी सांगून ठेवली. उघड्या दाराचा तो फोटो कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे.

तिला सांगायचं राहिलं आहे.