कॅरियरवर गुरुजी: भरवेली, लालबर्रा आणि बेलटोला

बालाघाट म्हटलं की लोक वाघ आणि जंगल विचारतात. माझ्या आठवणीतली बालाघाटची सगळ्यात मोठी सफर मात्र फुटबॉलची आहे, आणि तिच्यात एकही वाघ नाही. साठच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आमच्या क्लबात डाव्या बाजूनं खेळायचो, आणि एका जागी अर्धा तास बसणं मला जमत नसे. आई म्हणायची, या पोराच्या पायात भिंगरी बांधलेली आहे. कचेरीत खुर्चीखाली माझे पाय चालूच असत.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या फुटबॉलची घडीच बदलायचं ठरलं. तोवर सगळे संघ बालाघाटला यायचे, हरला तो घरी. एखाद्या खेड्यातली पोरं अर्धा दिवस चालत यायची, तासाभरात हरायची आणि तशीच चालत परत जायची. आता लीग होणार होती: वरच्या गटात सहा संघ, आणि प्रत्येकानं प्रत्येकाच्या गावी जाऊन खेळायचं. त्यासाठी दोन अटी. गावाला स्वतःचं मैदान हवं, आणि पाहुण्या संघाचा ट्रक त्याच दिवशी जाऊन परत येईल असा रस्ता हवा. पाच संघ जवळपास ठरलेले होते. सहावी जागा एक तर हट्ट्यापलीकडच्या बेलटोल्याला मिळणार होती, नाहीतर बालाघाट शहरातल्या आमच्या क्लबला. (गावाचं नाव बदललं आहे. तिथली माणसं अजून आहेत.)

पाहणीला रेफ्री गुरुजी निघाले. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले, साठीचे, नियमाला पक्के. त्यांना सायकल येत नव्हती. लीगच्या कमिटीतला कुणीच तीन दिवस मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी मला धरलं.

"आमच्याच क्लबचा मामला आहे गुरुजी," मी म्हटलं. "लोक नावं ठेवतील."

"तू सायकल चालव. पाह्याचं काम माह्यं हाये," ते म्हणाले. "आन लिहिशीन तूच, तुहं अक्षर बरं हाये. मी सांगीन थेच लिहाचं."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या सहाव्या जागेची तहान लागली होती. क्लब नवा होता, आणि वर्षभर मी कचेरीत बसून वरच्या गटात खेळण्याचीच स्वप्नं पाहत होतो.

पहिला दिवस भरवेली. शहरापासून सायकलनं तासाच्या आत. मॅंगनीजची मोठी खाण असल्यानं रस्ता रुंद होता, पण खनिजाच्या ट्रकांनी त्याची पार चाळण केलेली. गुरुजींची रस्ता मोजायची रीत मला तिथे कळली. सायकल सोसेल तोवर ते कॅरियरवर बसत, आणि जिथे खाली उतरावं लागे तिथे म्हणत, "लिही, उतरलो." भरवेलीला ते दोनदा उतरले. काळपट धूळ नाकातोंडात गेली. कामगार वसाहतीजवळच्या टपरीवर पोहे आणि जिलबी खाल्ली, आणि शिफ्ट सुटून आलेल्या खेळाडूंनी पैसे देऊ दिले नाहीत. त्यांच्या कप्तानानं मैदान दाखवलं, सपाट आणि रोलर फिरवलेलं. "गुरुजी, हमारे यहाँ तो दिन में चालीस ट्रक आते हैं, एक फुटबॉल का ट्रक नहीं आएगा क्या?" तो म्हणाला. गुरुजी हसले. भरवेली पास.

मला तिथून लगेच निघायचं होतं. गुरुजी मात्र दुसरा चहा मागवून बसले, आणि मी टपरीभोवती घिरट्या घालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सायकल बसच्या टपावर चढवून लालबर्र्याला. शिवनी रस्ता बराच बरा होता. बसवाल्यानं माणसाइतकंच सायकलचंही भाडं घेतलं, यावरून मात्र गुरुजींचं आणि त्याचं वाजलं. लालबर्र्यात उतरलात की भाताच्या गिरण्यांचा वास येतो, गरम कोंड्याचा. संघाचं मैदान एका गिरणीच्या मागे. ते चांगलं होतं, पण नवं पीक आलं की त्यावर धान वाळत पडतं. गिरणीच्या मुनिमानं स्पष्टच सांगितलं, "धान येस्तोवर खेळा. धान आल्यावर कोनाचा पाय पडला तं मले मालकाले जबाब द्या लागन." म्हणून गुरुजींनी लालबर्र्याच्या मॅच आधी ठेवायला सांगितल्या. दुपारी मुनिमाच्या घरी जेवलो: चिन्नोर तांदळाचा भात, लाखोरीची डाळ, वर लोणचं. तुम्ही त्या बाजूला गेलात आणि कुणी चिन्नोरचा भात वाढला, तर बोलत बसू नका, गरम आहे तोवर खा.

लालबर्राही पास. आता फक्त बेलटोला राहिलं होतं, आणि मी रात्रभर कूस बदलत होतो. बेलटोल्याचा रस्ता मला ठाऊक होता. हट्ट्यापासून आत जाणारी ती वाट म्हणजे नुसता चिखल. आदल्या वर्षी त्यांची पोरं बूट गळ्यात अडकवून, गुडघ्यापर्यंत माखून शहरात आली होती. नुकताच पावसाळा सरला होता. गुरुजी दहा वेळा उतरणार याची मला खात्री होती. मला बेलटोल्याबद्दल राग नव्हता, पण त्यांचा रस्ता वाईट निघावा असं मनापासून वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हट्टा. तिथली बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, पाहायचीच, असा गुरुजींचा हट्ट. पाहण्यासारखीच आहे ती; जमिनीखाली दगडी कमानी, आणि खाली जाल तसतसा गारवा. जायचं तर सकाळीच जा. गुरुजी पायरीवर डोळे मिटून बसले. मी खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो.

"बस ना रे जरा," ते म्हणाले. "बेलटोला कुठं पळून नाही चाल्लं."

शेवटी निघालो. हट्ट्याचं शेवटचं घर मागे पडलं आणि मी ब्रेक दाबला. समोर चिखल नव्हताच. लाल मुरमाचा ताजा, चोपून बसवलेला रस्ता दोन्हीकडच्या पिवळ्या धानातून सरळ गेला होता. कडेला पाणी जायला नाली. ओढ्यावर दगड रचून रपटा, म्हणजे बुटका पूल, केलेला. सायकल अशी चालली की मला पायडल मारायचं भानच राहिलं नाही. गुरुजी मागे गुणगुणू लागले. थेट वेशीपर्यंत एकदाही उतरले नाहीत.

माझा चेहरा पडला होता. ते मागे बसलेले म्हणून त्यांना दिसला नाही, इतकंच.

वेशीवर सगळं गाव जमलेलं. गावचे प्रमुख पटेल, त्यांनी गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. संघाचा कप्तान सुखदेव माझ्याच वयाचा, काटकुळा, उंच. तो हसत होता, पण त्याची नजर आमच्यावर ठरत नव्हती.

"रस्ता कोनं केला रे?" गुरुजींनी विचारलं.

"आमीच केला गुरुजी. अख्ख्या गावानं. तुमची चिठ्ठी आली का रस्ता नसन तं नाव कटन, तवापासून लागलो," सुखदेव म्हणाला. "बैलाइले ओंडका बांधून दाबला."

"शाब्बास. चाल, आता मैदान दाखव."

कुणीच हललं नाही. पटेलांनी गुळाचा चहा आधी घ्यावा असं सुचवलं. गुरुजी म्हणाले, चहा नंतर. मग सुखदेव निघाला आणि आम्ही त्याच्या मागे.

बेलटोल्याचं मैदान म्हणजे गावामागची उंच, सपाट जागा होती. तिथे सगळा मुरूम, धान होत नाही, म्हणून ती पोरांना मिळालेली. आम्ही वर चढलो. मैदानाच्या जागी खड्डा होता, कमरेइतका खोल, तळाशी पावसाचं लाल पाणी. एका टोकाला गोलाचे दोन बांबू उभे होते. त्यांच्या बुडाशी तेवढा मुरूम त्यांनी राखला होता.

गुरुजी खड्ड्याच्या कडेनं त्या बांबूंपर्यंत चालत गेले आणि परत आले.

"काहून रे असं केलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळा नव्हता काहाडाचा गुरुजी," सुखदेव म्हणाला. "पयले गोलाच्या मांगून घेतला. मंग पानी आलं, रस्ता वाहून गेला. मंग कोपऱ्यातून घेतला. थो बी गेला. मंग नाली केली, रपटा केला, तवा टिकला. पन तवापरेंत…" तो थांबला. "आमाले वाटलं, मैदान तं आपलंच हाये. थे कुठं चाल्लं?"

जवळपास दुसरा मुरूम नव्हता. सगळीकडे काळी माती आणि धान. रस्त्याचं काम आणखी कुणी करेल याची वाट कुणी पाहिली नव्हती, कारण आजवर तिथे कुणी आलंच नव्हतं.

सुखदेव विनवू लागला. हट्ट्याच्या शाळेचं मैदान मागू? एक वर्ष मुदत द्याल? दुसऱ्याचं शेत भाड्यानं घेऊ? गुरुजी मान हलवत राहिले. नियम सगळ्यांना सारखा, स्वतःचं मैदान हवंच.

तिथे एक म्हातारी काठी टेकत आली होती. ती म्हणाली, "खेळाचं काय बाबू, पोरं कुठंबी खेळतीन. माह्या नातसुनेले परवाच्या दिशी हट्ट्याले दवाखान्यात नेलं, गाडी कुठंच नाही फसली. मांगच्या साली सुखदेवच्या वहिनीले खाटेवर नेऊन राह्यलो होतो, तं वाटेतच गेली थे."

पटेलांनी मान डोलावली. सुखदेव त्यांच्याकडे न बघता खड्ड्याकडे बघत उभा होता. त्याला वहिनी गेल्याचं दुःख होतं, आणि मैदान गेल्याचंही होतं, आणि त्यातलं दुसरं त्याला कुणासमोर बोलता येत नव्हतं. मला ते कळलं, कारण त्या क्षणी माझ्या छातीत आनंद उसळत होता आणि तो मलाही दाखवता येत नव्हता. सहावी जागा आमची झाली होती.

जेवणानंतर गुरुजी ओसरीवर आडवे झाले. मी नेहमीसारखा उठलो. बाहेर सुखदेव आणि दोनचार जण नव्या रस्त्यावरच चेंडू मारत होते, दोन्हीकडे धान असल्यामुळे लांब आणि अरुंद खेळ.

"येता का बाबू?" सुखदेवनं विचारलं.

मी बूट न घालताच उतरलो. त्यानं चेंडू डाव्या पायावर घेतला आणि माझ्या अंगावर आला. मी आडवा गेलो. तो कुठल्या बाजूनं निघून गेला ते मला समजलंच नाही. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी धानात जाऊन पडलो आणि सगळे हसले, मीसुद्धा. मी डाव्या बाजूनं खेळतो असं आयुष्यभर समजत आलो होतो. तो खरोखर खेळत होता.

संध्याकाळच्या आत निघायचं होतं. गुरुजींनी ओसरीवर बसून सांगितलं आणि मी लिहिलं: रस्ता उत्तम, पाहणीत सर्वांत चांगला, मैदान नाही. सुखदेव माझ्या खांद्यावरून वाचत होता. "रस्ता उत्तम," त्यानं एकदा मोठ्यानं वाचलं आणि बाजूला झाला. आम्ही परत फिरलो.

बालाघाटला आल्यावर आमच्या क्लबला जागा मिळाली. पेढे वाटले. मला मात्र घरात चैन पडेना. आईनं दोनदा विचारलं, बरं नाही का. मला काय झालं होतं ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून मी खूश झालो होतो, याचीच मला लाज वाटत होती.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सरावाला गेलो, तर मैदानाच्या कडेला लाल मुरमानं माखलेली एक सायकल उभी होती. सुखदेव आमच्या सेक्रेटरीशी बोलत होता. त्याला आमच्या संघात खेळायचं होतं. सेक्रेटरीनं त्याच्याकडे एक चेंडू टाकला, त्यानं डाव्या पायानं तो कोपऱ्यात लावला, आणि माझ्या जागेचा निकाल तिथल्या तिथे लागला. मी राखीव झालो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि कुणावर चिडायचं तेही कळेना.

त्या मोसमात मी बाकावर पाय हलवत बसलो. सुखदेवनं गोल केले की मी सगळ्यांच्या आधी उठून ओरडायचो, कारण आवरायचंच नाही. भरवेलीविरुद्ध आमच्या मैदानावर जिंकलो त्या दिवशी मी त्याच्याकडे पाणी घेऊन गेलो.

"इतक्या लांबून दर रविवारी कसा येतोस रे?" मी विचारलं.

"सायकलनं. हट्ट्यापरेंत तं हवेसारखी येते."

"आणि बाकीची पोरं? संघातली?"

त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि मैदानाच्या पलीकडच्या कडेला हात केला. तिथे गवतावर बेलटोल्याची पोरं ओळीनं बसली होती.

"येते ना थे बी. मॅच पाह्याले," तो म्हणाला. "रस्ता उत्तम हाये, तुमीच तं लिवलं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो बूट सोडायला खाली बसला. पुढच्या मॅचला मी बाकावर थांबलो नाही, पलीकडे जाऊन त्या पोरांच्या ओळीत बसलो. त्यांनी सरकून जागा दिली.