टाके घालणारा

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून मी रुजू झाले, ती कापसाची वाईट वर्षं होती. कुणी फवारणी करता करता शेतातच कोसळायचा, कुणी तेच औषध जाणूनबुजून घशाखाली घालायचा. काही आमच्या वॉर्डात यायचे, काही थेट मागच्या अंगाला चिरघरात. शवविच्छेदनाच्या खोलीला आमच्याकडे चिरघरच म्हणतात.

कागदावर शवविच्छेदन डॉक्टर करायचे. प्रत्यक्षात ते नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे आणि प्रेत उघडायचा आमचा सफाई कामगार. आधीचा माणूस दारू पिऊन पिऊन मेला म्हणून याला आत ढकललेलं. नातेवाईक रीतीप्रमाणे याच्यासाठीही बाटली आणायचे, पण हा ती हात न लावता परत करायचा. काम झालं की बारीक, एकाला एक लागून टाके घालायचा, प्रेत धुवायचा, केस विंचरायचा आणि शर्टाची वरची गुंडी लावून मगच दार उघडायचा. मायले काही दिसू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

त्याचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीच्या गजाला अडकवलेला. वर्षातून एकदा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून कुणाला तरी शाल-नारळ मिळायचा. एका वर्षी तो एक्स-रेवाल्याला मिळाला, आणि मशीन तर कायम बंद. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आजही वाजवणार नाही.

तो माझ्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. घरात बायको आणि बारावी झालेली एकुलती एक पोरगी. तिचं लग्न चांगल्या घरी व्हावं, याशिवाय त्याला दुसरा ध्यास नव्हता. दारव्ह्याकडचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा घराला जरा वजन यावं म्हणून मलाही बोलावलं होतं. पाहुण्यांना एवढंच माहीत होतं की बाप सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. पोरगी पसंत पडल्यासारखीच होती. पोह्यांच्या बश्या हातोहात फिरल्या.

तेवढ्यात त्याने मुलाच्या काकाला ओळखलं. आदल्या वर्षी हाच माणूस आपल्या भावाचं प्रेत घेऊन आला होता आणि काम झाल्यावर चिरघरापुढे याच्या पायावर डोकं ठेवून रडला होता. याला वाटलं, आपली किंमत जाणणारं माणूस आपसूक घरी चालून आलं. मी डोळ्यांनी खुणावलं, पण त्याचं लक्षच नव्हतं.

"काकाजी, वळखलं नाही काय? तुमच्या भावाले टाके मीच घातलते."

काकाने तोंडातला घास कसाबसा गिळला आणि बशी खाली ठेवली. मग एकेकाने ठेवली. भांडण नाही, आवाज नाही. काका उठता उठता नम्रपणे म्हणाला, "पोरगी चांगली हाय हो. पण ह्या हातचं पाणी आमच्या घरी चालन काय?" बाहेर पडल्यावर दवाखान्याच्या नळावर सगळ्यांनी ओळीने चुळा भरल्या. मी ओट्यावरून बघत होते. त्या काकाच्या थोबाडीत द्यायची राहून गेली, याची चुटपुट मला अजून आहे.

पुढे गोष्ट पसरली आणि पाहुणे यायचेच बंद झाले. शेवटी पोरीच्या मामाने पांढरकवड्याकडचं एक स्थळ पक्कं करून आणलं. बाप दोन वर्षांपूर्वी वारला, असं त्याने तिकडे परस्पर सांगून टाकलं होतं. लग्न मामाच्या गावी, कन्यादान मामा करणार. मी त्या मामाला वाट्टेल ते बोलले. उंबऱ्यावर बसलेल्या बापानेच मला थांबवलं.

"राहू द्या सिस्टर. मी जित्ता असून तिचं जमून नाही राह्यलं."

निघायच्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा कामावर गेला. पोरगी जीपमध्ये जाऊन बसली होती. त्याची बायको किल्ली ठेवायला माझ्या दारात आली. कपाळ कोरं, गळा मोकळा, हातात एकही बांगडी नाही. चिरघराच्या बाहेर बायांची अशी कपाळं मी कितीदा पाहिली होती, पण नवरा जिवंत असलेल्या बाईचं कधी नाही. पोराकडच्यांना संशय यायला नको, असं ती खाली बघत म्हणाली. पदराच्या गाठीतलं मंगळसूत्र सोडून तिने माझ्या हातात ठेवलं आणि ती जीपकडे गेली.

दुपारी फवारणी करताना पडलेल्या एका मजुराचं प्रेत आलं. मी सांगायला मागे गेले, तर तो दारातच हातमोजे चढवत होता. नवरीबद्दल, जीपबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.

"सिस्टर, पोरीच्या मायनं कुंकू पुसलं काय?"

मी मान डोलावली.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.